एकवीस दाणे

पवनीहून येणारी एसटी फाट्यावर सोडते.
तिथून केंद्र दीड किलोमीटर,
दोन्ही बाजूंना गाजरगवत, माझ्या कमरेइतकं.
त्याला कुणी परवाना विचारला नव्हता.
कुठल्या तरी परदेशी धान्याच्या पोत्यात बसून आलं म्हणतात,
आणि परत जायचं विसरलं.

पाकीट आलं मंगळवारी.
आधी दिल्लीत थांबलं सात आठवडे;
तिथे धुरी झाली, भिंगाखाली उलटंपालटं झालं,
छत्तिसातले पंधरा त्यांनी तपासायला ठेवून घेतले.
लाखोडीचेच दाणे, पण दूरच्या डोंगरातले,
आपल्यापेक्षा फिकट, कोपरे जरा बोथट.
सोबत आयातीचा परवाना,
तिकडच्या सरकारचा दाखला की बियाणं निरोगी आहे,
त्यावर शिक्का, शिक्क्यावर सही.
"माह्या लग्नालेही इतके कागद नाई लागले,"
शिपाई देवचंद म्हणाला.
नाकाडे साहेब हसले नाहीत.
पाकिटाचं कापड, दोरा, लाखेचा टवकासुद्धा
भट्टीत टाकायला लावला.
विशाखाबाई, नोंद करा. अकरा वीस.

जाळीघर क्रमांक दोनला दोन दारं.
एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
मधल्या अंधारात चप्पल काढायची,
औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे,
कोट घालायचा, जो बाहेर कधी येत नाही.
खुरपं तिथलं वेगळं, झारी वेगळी,
कुंडीखाली सांडलेलं पाणीही उकळून मग खड्ड्यात.

पहिल्या दिवशी झारीशी हात थबकला.

वेगळी झारी.

माझ्या आज्याला वरून पाणी ओतायचे,
ओंजळीत, विहिरीपासून लांब उभं करून.
त्या नियमाला फॉर्म नव्हता,
भिंग नव्हतं, तपासणीची तारीख नव्हती.
कुणी म्हटलं नव्हतं
की फुलोऱ्यापर्यंत बघू,
पानावर डाग नाही दिसला तर सोडू.

भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून.
मुद्दा नववा : रोग न आढळल्यास मुक्त करावे.
मुक्त करावे.
मग पाणी घातलं.

उगवले एकोणीस.
बाहेर बांध्यांमध्ये धान कापून झालं होतं,
उतेऱ्याची लाखोडी खुंटांमधून डोकं काढत होती,
आणि आत जाळीमागे तिची परकी बहीण
निळ्या फुलावर आली.
दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही.
अकरा नंबरच्या पानावर पिवळी नक्षी दिसली,
दिसायला सुंदर, रांगोळीसारखी.
अकरा जाळला. शेजारचे दहा आणि बाराही.
देवचंद म्हणाला, बाराले काय झालतं?
काही नव्हतं झालं.
त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

शेंगा वाळल्या, सोलल्या, मोजल्या.
त्या संध्याकाळी घरी कुर्त्याच्या दुमडीतून
एक दाणा फरशीवर पडला.
आई लाखोडीच निवडत होती सुपात.
"काहून वो, एवढं काय पाह्यतं? टाक सुपात."
दिव्याखाली धरला.
फिकट होता? की दिवाच फिकट?
कोपरा बोथट होता, पण आमच्या सुपातही
असे चार-दोन निघतातच.
कोट बाहेर येत नाही, मी हात धुतले होते, केस झटकले होते.
तरी.

रुमालाला तीन गाठी मारल्या.
शेवटची एसटी गेली होती.
भावाच्या मोटरसायकलवर, हेडलाइटच्या उजेडात
गाजरगवताची पांढरी फुलं दोन्हीकडून
वाकून बघत होती, जुन्या भाडेकरूंसारखी.
चौकीदार डोळे चोळत म्हणाला,
एका दाण्यासाठी?
रुमालही जाळला. आईचा होता, कशिद्याचा.

मग वही उघडली.
दाणा : एक.
मूळ : अनिश्चित.
वेळ : नऊ चाळीस.
शेवटचा रकाना कारणाचा.
पेन बराच वेळ तिथे टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
लिहिलं,
माहीत नाही, म्हणून.

खाली सही, पूर्ण नाव,
विशाखा मोतीराम जनबंधू.