नळीच्या दुसऱ्या टोकाला

भाचीनं फोनवर फोटो पाठवला.
काळ्यावर दोन हिरवे ठिपके, मधे एक रेघ,
कोळ्याकडून उसनी आणल्यासारखी.

"मामा, ह्या उंदराच्या मेंदूतल्या पेशी.
आम्हाला शिकवलं होतं, दोघींत फट असते.
एक बोलते म्हणजे फटीत थेंब सोडते,
दुसरी तो झेलते. ते खोटं नाही.
पण ही बघ, ही थेट नळी.
कधी कधी त्या सरळ एकमेकींना जोडूनच घेतात."

मी सावद्याच्या स्टँडमागे दुकानात,
मांडीवर लॅटरलचं बंडल, खारींनी कुरतडलेलं.
म्हटलं, हेमांगी, हे तू मला सांगतेस?
फटीत थेंब म्हणजे ड्रीपर.
थेट नळी म्हणजे मायक्रोट्यूब.
सव्वीस वर्षं दोन्ही बसवतोय
केळीच्या बुडाशी, गुडघे मोडून.

"केवढी असते?"
"केसाच्या जाडीचे काही शे भाग करा, त्यातला एक."
"मग भोक पाडायला पंच कुठला वापरतात?"
ती हसली. त्यांचं त्याच पाडतात म्हणाली,
कशा, ते अजून बघतोय.

"आणि जातं काय आतून?"
"कॅल्शियम जातं."
आमच्याकडे तर तेच नळी बुजवतं,
पांढरा खर धरतो, ॲसिड सोडावं लागतं.
"अजून?"
ती जरा थांबली. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं.
"माणसाला विसरायला लावतं ना, ते प्रथिनही जातं.
जिच्यात साठतं, ती शेजारणीला थोडं देते."
"ओझं कमी करायला?"
"असेल. किंवा रोगच तसा पसरत असेल.
नळी एकच, मामा. तिला काय कळतं."

खत आणि विष एकाच टाकीतून सोडणारा मी.
मला हे कळायला वेळ लागला नाही.
वेळ लागला तो फोन ठेवायला.

चिनावलच्या वाटेवर वामन बोंडेचं घर आहे.
माझा जोडीदार. बुजलेली लाइन आली
की एका टोकाला तो, दुसऱ्याला मी,
मधे चारशे फूट केळी, माणूस दिसत नाही.
तो गाल फुगवून फुंकायचा आणि ओरडायचा,
"आली का?"
मी कान लावून बसलेला, "आली!"
एवढंच बोलणं दिवसभर. संध्याकाळी
कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, तेही न बोलता.

आता तो मला भास्कर म्हणतो.
भास्कर त्याचा भाऊ, सुकीच्या पुरात गेलेला.
पहिल्यांदा मी दुरुस्त केलं.
नंतर इंदूवहिनींनी डोळ्यांनीच नको म्हटलं,
मग मी भास्कर झालो,
आणि पुराचं पाणी किती थंड होतं ते सांगायला शिकलो.

त्या दिवशी ऊन असं, की सातपुडा
धुरकट पाटीवर कुणी बोटानं काढल्यासारखा.
तो ओसरीत बसला होता, चपलेचा अंगठा चाचपत.
"कवा आला रे?"
"आत्ताच."
पुढे काय बोलावं ते दोघांकडेही नव्हतं.

स्कूटरला लटकलेला एक तुकडा होता,
सोळा एमएम, जेमतेम दहा हात.
मी एक टोक त्याच्या हातात दिलं.
नाव आठवलं नाही त्याला, ना माझं ना नळीचं.
पण अंगठ्यानं त्यानं कड पुसली,
माती नसताना. दोनदा. तशीच, पूर्वीसारखी.
ओठ ओले केले.
मी भिंतीकडे तोंड करून कान लावला.

गरम. तंबाखूचा वास. थोडी थुंकी.
काय काय आलं त्यातून, मी सांगू शकत नाही;
श्वास आला, हे नक्की,
आणि त्याच्या आत साठलेलं
दुसरंही काही आलं असेल तर येवो,
थोडं मीही विसरेन. चालेल.

"आली का?" तो ओरडला,
दहा हातांवरून, चारशे फुटांच्या आवाजात.

मी मुद्दाम म्हटलं, "नाही."
त्यानं पुन्हा गाल फुगवले.