शेरा

नोंदवहीत शेवटचा रकाना आहे, दीड इंची.
छापखान्यानं वर छापलंय : शेरा.
तिथं मी लिहायचं असतं,
पान फाटलं, पुठ्ठा सुटला, चहाचा डाग, दंड दोन रुपये.

जैतापुरात, जेटीसमोरची खोली. एक पंखा, तीन कपाटं,
सोमवारी बंद.
खाडीची हवा पुस्तकांना लागते,
बांधणीची खळ ओली होते,
भादव्यात काही कादंबऱ्या
आंबोळीसारख्या फुगतात.

सुरुवात केली मुमताज सोलकरनं.
पुस्तक परत देताना सही केली
आणि पेन खाली ठेवलंच नाही.
दीड इंचात लिहिलं :
"सासू चांगली आहे. सून जरा जास्तच रडते."
मी म्हटलं, अहो, हे इथं नसतं लिहायचं.
म्हणाली, मग कुठं लिहायचं?

कुठं, ते मलाही सुचलं नाही.

मग रकाना भरत गेला.
शेवडे पोस्टमास्तर, निवृत्त :
"पत्र तिसऱ्या दिवशी पोचल्याचे दाखवले आहे.
त्या काळी, राजापुराहून, पावसात? अशक्य.
बाकी उत्तम."
बारावीतली ऋतिका खडपे :
"प्रेमाचा भाग मधेच संपतो. पुढे नुसते डोंगर."
त्याखाली वेगळ्या शाईत, सही नाही :
"डोंगरच वाचायचे असतात."
आणि एक गृहस्थ दर वेळी एकच शब्द लिहीत, बरं.
लोणच्यांच्या पुस्तकालाही बरं,
महायुद्धाच्या इतिहासालाही बरं.

रोहिदास तांडेलनं कादंबरी बोटीवर नेली.
अकराव्या दिवशी आली, डिझेलचा वास घेऊन,
मधल्या पानांत एक खवला, खुणेसारखा.
त्यानं लिहिलं :
"अष्टमीला भांगाचं पानी आसतं, उधान नाय.
मानसाला उगाच बुडवलान."

मी पान काढून बघितलं, एकशे बारा.
खरंच. अष्टमीच्या चांदण्यात
लेखकानं लाटा माडाएवढ्या केल्या होत्या
आणि मला रडवलं होतं, मे महिन्यात, याच टेबलाशी.
तिथी मला दिसलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक मुमताजनं नेलं.
दोन दिवसांत परत.
रोहिदासच्या ओळीखाली, बारीक अक्षरात :
"आमचा मामू भांगातच गेला.
पाणी कमरेएवढं होतं म्हणतात."

मधेच तालुक्याहून साहेब आले तपासणीला.
बाई, शेऱ्यात पुस्तकाची स्थिती लिहावी,
वाचकांची मतं नव्हेत.
मी हो म्हटलं. कोकम सरबत दिलं.
ते वही मागून पुढे चाळत राहिले,
एकदा हसले, एकदा चष्मा पुसला,
साडेचारची एसटी गेली त्यांची.

जुलैत, होड्या वर ओढलेल्या, जाळी शाकारलेली,
रोहिदास आला. तेच पुस्तक मागितलं.
वाचलंयस ना रे ते?
"म्हायत हाय."
वहीत सही करताना त्याचं बोट
त्या बारीक अक्षरांखालून गेलं,
एकदा, मग पुन्हा, सावकाश,
जणू दोरीतली गाठ चाचपावी.

तीन आठवडे ठेवलं त्यानं.
आणून दिलं तेव्हा पुठ्ठ्याला वर्तमानपत्राचं कव्हर होतं,
नीट दुमडलेलं.
लिहायला वेळ घेतला. बाहेर फेरीबोट लागली, सुटली.
"परत वाचला.
भांगातपन बुडतो मानूस, कवा कवा."
रकाना संपला होता,
शेवटचे दोन शब्द समासात आडवे गेले.

उशिराचा दंड होत होता, चार रुपये.
तो लिहायला
जागाच उरली नव्हती.