परत आलेला डबा

एरी शहरात तळ्याकडून वारा सुटला की
आमच्या ऑफिसचं काचेचं दार आपोआप उघडतं
आणि आत कुणीच येत नाही.
बाकी वेळी जे येतात ते एकाच कामाला:
काखेत केबलचा डबा, वायरींचं भेंडोळं,
आणि चेहरा काडीमोड घ्यायला आल्यासारखा,
थोडा मोकळा, थोडा ओशाळा.

मी त्यांना अडवायचं असतं. त्याचाच पगार मिळतो.
सहा महिने चाळीस डॉलर कमी करते, म्हणते.
खेळांचे चॅनल फुकट घालते, म्हणते.
ते म्हणतात, नातवाने काडी लावून दिलीय,
टीव्हीच्या पाठीमागे, अंगठ्याएवढी,
आता सगळं इंटरनेटवरून दिसतं.
मी फार ताणत नाही.
माझ्याकडे तरी कुठे आहे केबल?
वरच्या मजल्यावरच्या मुलीचा पासवर्ड वापरते,
बदल्यात ती गावाला गेली की तिच्या मांजराचं बघते.

कॅझिमिर व्होइटोविच डबा घेऊन आला
उशीच्या अभ्र्यात घालून. मंगळवार होता,
पार्किंगमध्ये चार बोटं बर्फ.
अभ्र्यावर निळी फुलं, धुऊन धुऊन विटलेली.
बिल महिन्याला एकशे ऐंशी,
आणि दोन वर्षं टीव्ही लावलाच नाही म्हणाला.

मग भरत का राहिलात?
विचारू नये ते विचारून बसले.

ल्युसिल रेकॉर्ड करून ठेवायची, तो म्हणाला.
एकशे बेचाळीस भाग आहेत आत.
केकच्या स्पर्धा. तो खेकसणारा जज.
आणि डॉक्टरांची ती मालिका,
जिच्यात सगळे सगळ्यांना फसवतात.
तिचा शेवटचा भाग सदतिसाव्या मिनिटाला थांबलाय.
तिथे तिला डुलकी लागली.
मीच बटण दाबलं, आवाजाने जागी होईल म्हणून.

हे त्याने बिलाची तारीख सांगावी तसं सांगितलं.

मी म्हटलं, ती मालिका काडीवरही असेल की,
सगळीच्या सगळी, हवी तेव्हा.
आहे, म्हणाला. नातीने दाखवली.
पण तिथे ती पहिल्यापासून सुरू होते.

परत आलेला डबा पुसला जातो.
गोदामात कुणीतरी एक बटण दाबतं,
महिन्याभरात तो दुसऱ्याच कुणाच्या घरी.
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. मी सांगितलं.

ठाऊक आहे, तो म्हणाला.
एकोणतीस वर्षं मीच बसवत होतो हे.
या भागातल्या निम्म्या खांबांवर चढलोय.
लोक कॉफी द्यायचे, पोरं शिडी धरायची,
छपरावरचे अँटेना अंगणात फेकून द्यायचे
आणि म्हणायचे, चला, आता कटकट मिटली कायमची.
एवढं बोलून तो हसला,
खोकला येईपर्यंत हसला.

मागे रांगेत चौघे होते, चौघांच्या काखेत डबे.
मी पट्टी स्कॅन केली. यंत्र पिप् म्हणालं.
डबा अजून कोमट होता;
सकाळी निघण्याआधी त्याने तो चालू केला असणार.

पावती घेताना त्याने विचारलं,
खांबावरून घरापर्यंतची तार?
ती राहते, म्हटलं. ती काढायला कुणी येत नाही.
बरं, म्हणाला. अभ्र्याची नीट चौकोनी घडी केली
आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

तो गेल्यावर लक्षात आलं, रिमोट राहिला.
रिमोट न दिल्यास पंधरा डॉलर, असा नियम आहे.
दाराकडे पाहिलं. दार उघडलं, वाऱ्याने.
मी रकान्यात लिहिलं: मिळाला.
पुढचा, म्हणून हाक मारली.