तुलनेसाठी

ब्रह्मनाळहून बजाबा भोई डबा आणतो,
येरळा कृष्णेला मिळते तिथले शिंगटे,
बर्फावर सोळा. सगळे नर, शपथेवर सांगतो.

दुपारी काचपट्टीवर गुलाबी रंग चढतो
आणि अकराव्याच्या वृषणात
एक अंडं.
गोल, नीटस,
घर चुकलेल्या पाहुण्यासारखं ओशाळं.
मी काच सरकवते. आणखी एक.

घड आम्हीही बुडवलेत, तासगावच्या बागेत,
दादांसोबत, कोपरापर्यंत ओल्या हातांनी,
मणी फुगावा म्हणून.
संजीवक म्हणायचो त्याला.
त्याचा दोष नसेलही. त्याच्यामागून
काय काय फवारलं, ते डब्यावर
फार बारीक अक्षरात होतं.

बजाबाला म्हटलं, औषध न लागलेल्या पाण्यातले
चार आणून दे, ताडून बघायला.
तो मुंडासं सोडून डोकं खाजवत राहिला.
"बाई, तसलं पाणी आज्ज्याच्या वक्ताचं.
जाळं तितवर पोचत न्हाई."

तरी एका बरणीवर चिठ्ठी लावली: तुलनेसाठी.
फॉर्मालिन भरलं. झाकण लावलं.

शेजारी नळ्यांच्या रांगेत, सोळांच्या पुढे,
सकाळी काढलेलं माझं रक्त.
नंबर सतरा.