मोजणी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी कोऱ्या पासपोर्टांची पानं मोजली.
कोरी म्हणजे नाव नाही, फोटो नाही,
अजून कुणाचीच न झालेली.
थुंकी लावायची नाही, ओला स्पंज.
ती सवय घरी आली.
बायको म्हणायची, पोळ्या तरी न मोजता खा.

संध्याकाळी एक ताव कमी भरला
तर गेट उघडायचं नाही.
भोंगा होऊन गेलेला, माणसं
रिकामे डबे धरून उभी.
एकदा दत्तू पोरजेच्या बुटाच्या तळाला
चिकटलेला सापडला, रात्री साडेनऊला.
शलाकाचा पहिला वाढदिवस होता.
घरी पोचलो तेव्हा शिरा गार,
आणि ती झोपलेली.

खराब ताव फेकायचा नसतो.
वेगळा काढायचा, कोपरा कापायचा,
वहीत नोंद, दोघांच्या सह्या,
मग भट्टी.
चांगल्या पानाचा हिशेब एकदा,
खराब पानाचा तीनदा.

परवा शलाका आली विनिपेगहून.
बॅगेतून निघालं मेपलचं सिरप,
माझ्या गुडघ्याचा पट्टा,
आणि तिचा पासपोर्ट.
"ठेवा बाबा. आता त्याचा उपयोग नाही."
आत शिक्का. रद्द.
कोपरा कापलेला.

चष्मा लावला. नाव नाही बघितलं आधी.
शिवण बघितली, दोऱ्याचा ताण बघितला,
पान उजेडात धरलं. सिंह जागच्या जागी.
आपलाच माल, म्हटलं.
यात खराब काय होतं?

ती बराच वेळ सिरपची बाटली पुसत राहिली.
मग म्हणाली, आमच्या गल्लीतला बसथांबा हलवला, बाबा,
उणे तीसमध्ये मी अर्धा मैल चालायची.
नऊ वर्षं कर भरते,
आणि मत कुणाला विचारलं? शेजारणीला.
म्हणून घेतली शपथ. राजाची.
राजाची?
राजाची. हसू नका.
मी हसलो नव्हतो.

एक कार्ड दाखवलं. याच्यावर जन्मभर येता येतं.
मत देता येत नाही.
शेतजमीन विकत घेता येत नाही,
वारशाने आली तर चालते.
म्हणजे सिन्नरच्या तुकड्यावर
मी गेल्यावरच तू शेतकरी, म्हटलं.
तेव्हा मात्र दोघंही हसलो,
ती जरा जास्तच.

संध्याकाळी पोपटीबाई आल्या देवळाली कॅम्पातून,
सेवेची बर्फी घेऊन.
एकोणीस वर्षांनी दाखला हातात पडला होता.
सक्करहून आल्या तेव्हापासून
व्हिसा, मुदतवाढ, व्हिसा.
उल्हासनगरला भाच्याच्या लग्नाला जायचं
तर आधी पोलिसांची परवानगी,
ती आली हळद उतरल्यावर.

टेबलावरचा पासपोर्ट त्यांनी उचलला,
कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
"माझे हिरवे तिन्ही एकत्र टाचलेले होते.
जमा करा म्हणाले, केले.
मागायचं धाडस कुठून आणू?
पण पहिल्यात फोटो होता माझा,
बावीस वर्षांची मी, कपाळावर बट.
तेवढाच एक होता."
मग शलाकाकडे वळून,
"तुला परत दिला? नशीबवान आहेस."
आणि बर्फीचा मोठा तुकडा
तिच्याच हातावर ठेवला.

रात्री बशीत पाणी घेतलं. स्पंज मिळाला नाही,
बोट बुडवलं.
छत्तीस पानं. बरोबर भरली.
बाविसाव्या पानावर कॉफीचा डाग,
तो आमच्याकडचा नाही.

जुन्या डायरीत ओळ आखली.
प्राप्त, एक. पाने छत्तीस. कोपरा कापलेला.
तारीख घातली, सही केली.
दुसरी सही लागते.
ती पंख्याखाली झोपली होती, तोंड उघडं,
तिच्या घड्याळात अजून सकाळ.
उठवलं नाही.
पेन मध्ये ठेवून वही तशीच ठेवली.