खालच्या मजल्यावरचं सूप

फेब्रुवारीत बर्फावरून घसरून
इश्बेल मॅकफीचं उजवं मनगट मोडलं,
म्हणून तिच्या सूपला माझे हात लागले.

डंडीतली ही चढाची गल्ली.
ती तळमजल्यावर, मी नेमका तिच्या डोक्यावर.
नऊ वर्षांत आमचं बोलणं काय,
तर कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा.

प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून
ती खुर्चीतून हुकूम सोडते.
गाजर किसायचं, चिरायचं नाही.
कांदा लोण्यावर, पण लाल होता कामा नये.
डाळ धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत.
बाई, मसूर धुण्यात हयात गेली माझी,
असं मनात म्हणतो
आणि जन्मात पहिल्यांदा धुतोय असा धुतो.

पातेलं तिच्या सासूचं, एक कान तुटलेला,
झाकण दुसऱ्याच कुठल्या पातेल्याचं.
केशरी डाळ पिवळी होत जाते,
फेस वर येतो, मी पळीने काढून टाकतो,
ती मान हलवते. बरं चाललंय बहुतेक.

'तिकडे तुझी डाळ शिजायची नाही,'
निघताना ऑफिसातले घाणेकर म्हणाले होते.
अठरा मिनिटांत शिजली.

लोण्यासाठी फ्रिज उघडला होता
तेव्हाच मागच्या कप्प्यात दिसलं होतं
खाटकाच्या कागदात गुंडाळलेलं, दोऱ्याने बांधलेलं
डुकराचं हाड.
त्याच्याशिवाय हे सूप म्हणजे नुसतं पिवळं पाणी,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
मी विचारलं, 'आणखी काही घालायचं?'
खिडकीबाहेर बघत ती म्हणाली,
'छे. एवढंच असतं.'

मग खिशातली हिंगाची डबी
मीही खिशातच राहू दिली.

मीठ, चिमूटभर पांढरी मिरपूड. झालं म्हणे.
फोडणीशिवाय डाळ म्हणजे
क्रियापद गिळलेलं वाक्य,
ऐकणारा आपला थांबून राहतो.
गॅस बंद करून मी तसाच
ओट्यापाशी थांबून राहिलो.

'आज नाही प्यायचं,' ती म्हणाली. 'उद्या.'
आमच्याकडे शिळ्याला नाकं मुरडायचे,
आणि रात्रीची आमटी मात्र लपवून ठेवायचे,
सकाळी भाकरी घेऊन जो आधी पोचेल त्याची.
तिला 'मुरणं' समजावायला गेलो:
लोणचं मुरतं, आमटी मुरते,
माणूसही मुरतो एखाद्या गावात, नकळत.
इंग्रजी अपुरं पडलं.
माझं की तिचं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सूप इतकं घट्ट
की चमचा उभा राहिला.
दोन वाडगे, पावाचे जाड तुकडे.
चव म्हणाल तर जुन्या स्वेटरसारखी,
नक्षी कुठेच नाही, ऊब भरपूर.

अर्धा वाडगा संपल्यावर तिने विचारलं,
'रोज संध्याकाळी सातला
माझ्या छतात काय ओरडतं? चर्र करून?
फ्रेझर म्हणायचा, वरच्याचा नळ फुटला.
तो गेल्यापासून मी त्यावर घड्याळ लावते.
मागच्या मंगळवारी आलंच नाही.
झाडूचा दांडा घेऊन उभी होते मी,
छतावर ठोकू की नको करत.'

मंगळवारी मला रात्रपाळी होती.
हे सांगायचं राहून गेलं,
कारण तोवर मी जिना चढत होतो
कढलं, तेल आणि मोहरी आणायला.

उरलेल्या सूपवर फोडणी ओतली.
चर्र.
मोहरीचा एक दाणा तिच्या प्लास्टरवर उडाला
आणि आम्ही दोघांनी एकदमच
वर छताकडे पाहिलं,
जिथे आत्ता कुणीच नव्हतं.

चव काही तिला पटली नाही.
आवाज मात्र पुन्हा कर म्हणाली.