सव्वातीन फूट

प्रणितानं पुण्याहून फोटो पाठवले, सतरा.
अर्ध्या भिंतीवर काचेचा पट्टा,
अर्ध्या भिंतीला विटांची जाळी,
अर्ध्या भिंतीच्या डोक्यावर कुंड्या, त्यांतून लोंबणारा वेल,
एकीला तर बाहेरून टेकवलेली उंच स्टुलं,
बसून नाश्ता करायला.
आई, बघ ना, घर केवढं मोकळं वाटतं.

मी चष्मा लावून बघितले.
काचेवरचे फोडणीचे शिंतोडे कोण पुसणार.
जाळीत ज्वारीचं पीठ बसेल, मग मुंग्या.
वेलाला पाणी? मानवतला आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी,
त्याही दिवशी माठ आधी.
आणि स्टुलावर चढणार कोण,
आम्ही दोघंच.
त्यातले एक पलंगावर.

मैनोद्दीन मिस्त्री आला तो फोटो न बघताच
भिंतीला कान लावून उभा राहिला,
टिचकी मारली, वर बघितलं.
"बीम हाय वरून. ही नुसती उभीय, उचललेलं काय नाही तिनं.
नवी बांधायची नाही भाबी, हाय तीच उतरवायची.
कुठं थांबायचं तेवढं सांगा."

तेवढंच तर सांगता येईना.

हे जिनिंगवर काट्याला होते.
कापसाची गाडी फाटकातून आत वळली की
बघूनच सांगायचे, अकरा क्विंटल, वर थोडं;
काटा मागनं हो म्हणायचा.
लकव्यानं उजवी बाजू नेली, नावं नेली,
माझंसुद्धा.
आकडे तेवढे राहिले.
चहा पाहिजे, तर "चार".
कूस बदलायची, तर "साठ".
का, ते माहीत नाही. पाठ केलंय मी.

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.
पलंगापाशी गुडघ्यावर बसला,
यांच्या उशीला आपलं डोकं टेकवलं,
सिमेंट लागलेल्या टोपीसकट,
आणि एक डोळा मिटला.
"गॅसपाशी उभ्या राहा. आता बसा. आता उठा."
त्याचा मुस्तकीम दोरी धरून वर-खाली करत होता.
"चार फूट?"
मी काही बोलायच्या आधी
यांनी डोळे उघडले.
"सव्वातीन."

स्वच्छ. काट्यावरून सांगावं तसं.
चहा नव्हता तो, कूस नव्हती.
मिस्त्रीनं खडूनं रेघ मारली
आणि पुन्हा विचारलं नाही.

तीन दिवस धूळ.
डब्यांवर, देवांवर, यांच्या पापण्यांवर
ओला फडका फिरवत राहिले.
वर शहाबादी फरशी, कड गोल घासलेली.
कुंड्या नाहीत. गोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या,
प्रणिताचा फोटो, आडवा,
कारण उभा ठेवला की मधे येतो.
भाकरी थापताना मान वर केली की हे दिसतात.
यांना मी.

ओट्याच्या बुडाशी बसलं की मात्र नाही.
ते मला आठवडाभरानं कळलं,
एका दुपारी, लसूण सोलायला म्हणून बसले
आणि लसूण हातातच राहिला.
पदर तोंडात. आवाज नाही.
किती वेळ, कुणास ठाऊक.

मग पलीकडून ऐकू आलं.
एक. दोन. तीन.
सावकाश, एकेक गाडी काट्यावर घ्यावी तसं.

मी दिसावी म्हणून मापलं होतं यांनी, की लपावी म्हणून,
हे विचारायची सोय नाही.
मिस्त्रीला विचारावं म्हटलं एकदा बाजारात,
त्यानं सलाम केला, वांग्यांचा भाव सांगितला.

आता रोजचंच झालंय. मी बसते. हे मोजतात.
पन्नासच्या आत उठते,
फरशीच्या गोल कडेवर हात टेकून.
काल अडतीस.
आज एकतीसलाच,
कुकर झाला होता.